पहिली दृष्टी

समुद्रतळ कोरडा करून वसवलेल्या आल्मेरेत, माझ्या पोटमाळ्यावर डेबियनचा जुना सर्व्हर आहे. डिस्क नव्या कंट्रोलर कार्डला जोडली, तर लिनक्सला रूट, म्हणजे मूळ फाइलव्यवस्था, सापडेना. कर्नल मेमरीत होता. डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर त्याच डिस्कवर! नैयायिक याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. सुटका इनिटरॅमएफएसमध्ये: गरजेचे ड्रायव्हर असलेली ही छोटी फाइलव्यवस्था बूटलोडर फर्मवेअरच्या आधाराने आधीच मेमरीत आणतो. माझी फक्त जुन्या कंट्रोलरपुरती होती. रेस्क्यू यूएसबीवरून ‘एलएसपीसीआय -के’ने ड्रायव्हरचं नाव कळलं, ते इनिटरॅमएफएसच्या ड्रायव्हर-यादीत घालून ती नव्याने बांधली.

भक्तीतही हाच पेच आहे: ईश्वराला पाहणारी दृष्टी ईश्वरच देत असेल, तर पहिली दृष्टी कुठून? मी म्हणते, गुरूकडून. पण खरी रूट सापडताच स्वतःच्या फाइली पुसून मेमरी मोकळी करणाऱ्या इनिटरॅमएफएससारख्या गुरूकडून. शिष्याला जन्मभर धरून ठेवणाऱ्याला मी गुरू मानत नाही.