न विचारता ऐकलेले



फैजपूरसारख्या गावात इमामाकडे नमाजाखेरीज आणखी एक काम आपोआप चालत येते. घरातले भांडण घरात मिटले नाही, की असरच्या नमाजानंतर कोणीतरी मागे रेंगाळतो. पती-पत्नीत फूट पडण्याची भीती वाटली तर एक पंच त्याच्या कुटुंबातून आणि एक तिच्या कुटुंबातून नेमावा, असा आदेश सूरह निसाच्या 35 व्या आयतीत आहे. त्याच आधाराने आम्ही सुलह घडवून आणण्याचा प्रयत्न करतो. आता मात्र सगळे पंच एका सतरंजीवर बसत नाहीत. मुलीचे माहेर बऱ्हाणपूरला, मुलगा आखातात नोकरीला, आम्ही इथे; मग बैठक फोनच्या पडद्यावर भरते.

अशाच एका प्रकरणाविषयी आज लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा सुटीवर आला होता. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी तो मशिदीत आला आणि खिशातून फोन काढून म्हणाला, “मौलाना, आधी हे ऐका, मग माझ्याशी बोला.” पत्नीच्या फोनमध्ये त्याने प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड करणारे अ‍ॅप बसवले होते. तिला त्याचा पत्ताही नव्हता. रेकॉर्डिंगमध्ये ती आपल्या आईशी बोलत होती.

मी नको म्हणायला हवे होते. मी ऐकले. सत्य कळल्याशिवाय न्याय कसा होणार, असे कारण मी स्वतःला दिले.

हे कारण वरवर पाहता कुरआनचेच वाटते. सूरह हुजुरातच्या 6 व्या आयतीत बातमी आली तर तिची शहानिशा करा असे फर्मावले आहे. पण त्याच सूरहच्या 12 व्या आयतीत संशयापासून दूर राहण्याचा आणि एकमेकांची टेहळणी न करण्याचा हुकूम आहे. वाचकहो, या दोन आदेशांचा मेळ कसा घालायचा? मला उमगते ते असे : शहानिशा ही आपल्यापर्यंत आलेल्या गोष्टीची असते आणि ती समोर बसून, विचारून करायची असते. टेहळणीत मात्र आधी संशय असतो आणि त्याला खाद्य मिळावे म्हणून माणूस दुसऱ्याच्या दारामागे कान लावतो. त्या मुलाला शंका होती, तर त्याने पत्नीला विचारायचे होते. ते अवघड होते. अ‍ॅप बसवणे सोपे होते.

मुलाची बाजूही तुमच्यापुढे ठेवतो. तो म्हणाला, “फोन मीच घेऊन दिला आहे. आणि कोर्टात रेकॉर्डिंग चालते.” पहिल्या मुद्द्याचे उत्तर आमच्या फिकहमध्ये आहे. पत्नीच्या हाती दिलेली वस्तू ही हिबा, म्हणजे तिच्या मालकीची झाली. हनफी मतानुसार पती-पत्नीने एकमेकांना दिलेली हिबा परतही घेता येत नाही. देशाचा कायदाही इथे वेगळे सांगत नाही. मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या उपकरणातून माहिती काढणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या 43 व्या कलमात बसते.

दुसरा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. मुंबईच्या एका कोरोनरवरील लाचेच्या खटल्यात, त्याच्या नकळत पोलिसांनी टेप केलेले दूरध्वनीवरील संभाषण सर्वोच्च न्यायालयाने 1972 साली पुराव्यात ग्राह्य धरले. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तरीही 14 जुलै 2025 रोजी, पतीने पत्नीशी झालेल्या बोलण्याचे गुपचूप केलेले रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून मांडता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पती-पत्नी एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील तर तेच नाते तुटल्याचे लक्षण आहे, असेही त्या निकालात म्हटले आहे.

न्यायालयापुढचा प्रश्न होता, हाती आलेला पुरावा पाहायचा की नाही. तो पुरावा कसा मिळवावा, याची शिकवण कोणी निकालपत्रात शोधू नये. शिवाय त्या दाव्यातले बोलणे पती-पत्नीमधले होते. इथे लेक आपल्या आईजवळ मन मोकळे करत होती. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात तर, बैठक समोरासमोर असो वा ऑनलाइन, तिचे ध्वनी किंवा चित्रमुद्रण कोणीही करू नये अशी तरतूद आहे. मशिदीतली आमची सुलह त्या कायद्याखाली येत नसेल, पण कारण तेच आहे. रेकॉर्ड होत आहे हे ठाऊक असेल तर कोणी चूक कबूल करत नाही, आणि कबुलीवाचून समेट होत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रवासावरून परतणाऱ्या पतीला, घरच्यांचे दोष पकडण्याच्या हेतूने रात्री अचानक घरी येण्यास मनाई केली. आखातातून रोज रात्री पत्नीच्या फोनमध्ये शिरणारा पती याहून वेगळे काय करतो? लोकांना नको असताना त्यांचे बोलणे ऐकणाऱ्याच्या कानात कयामतच्या दिवशी वितळलेले शिसे ओतले जाईल, अशी हदीस सहीह बुखारीत आहे. ती मी अनेकदा मिंबरवरून सांगितली आहे. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयीची रिवायत तुम्हालाही माहीत असेल : एका घरातून गाण्याचा आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत उतरले. घरमालक म्हणाला, माझा गुन्हा एक, तुमचे तीन. तुम्ही टेहळणी केलीत, दाराने आला नाहीत आणि परवानगी घेतली नाहीत. खलीफा मागे फिरले.

इथे एका भगिनीने मला विचारले होते, की पती मारतो, धमकावतो आणि लोकांपुढे गोड बोलतो. त्याची धमकी रेकॉर्ड केली तर तीही टेहळणीच का? माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. ती कोणाच्या दारामागे उभी नाही, अन्याय तिच्याच तोंडावर होत आहे. सूरह निसाच्या 148 व्या आयतीत मजलूमाला उघड बोलण्याची मुभा आहे. तिने ते रेकॉर्डिंग पोलिसांकडे किंवा वकिलाकडे न्यावे. नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकणे ही वेगळी गोष्ट, ती करू नये.

आता त्या बैठकीकडे येतो. मी काय ऐकले ते इथे लिहिणार नाही. ते ऐकण्याचाच मला हक्क नव्हता. एवढेच सांगतो, की त्यात गुन्हा म्हणावा असे काही नव्हते. होती ती थकलेल्या मुलीची तक्रार, जी प्रत्येक मुलगी आईकडे करते. तरीही दुसऱ्या दिवशी ती मुलगी समोर बसून बोलू लागली तेव्हा मी तिचे शब्द कालच्या शब्दांशी ताडून पाहत होतो. माझा निवाडा आदल्या रात्रीच अर्धा झाला होता.

बोलण्याच्या ओघात मुलाच्या तोंडून रेकॉर्डिंगचा उल्लेख निघून गेला. मुलगी गप्प झाली. पडद्यावर बऱ्हाणपूरहून तिचे अब्बा होते. त्यांनी जावयाला काहीच विचारले नाही. मला विचारले, “मौलाना, तुम्ही ऐकलंत का?”

मी हो म्हणालो. त्या मुलीची माफी मागितली, पंच म्हणून बसण्यास मी पात्र राहिलो नाही असे सांगितले आणि मुलाच्या चुलत्यांना त्या जागी बसण्याची विनंती करून उठलो. मुलाने फाइल सर्वांसमोर पुसली. पुढच्या दोन बैठका चुलत्यांनी घेतल्या, त्यांत मी नव्हतो.