ओझे उतरल्यानंतर



घरात भांडण होते. रागाच्या भरात एखाद्याचे मन आपण फार दुखावतो. पुढे चूक कळते, आपण क्षमाही मागतो. तरीही ती व्यक्ती पूर्वीसारखी मोकळेपणाने बोलत नाही. मग आपण चिडून म्हणतो, "माफी मागितली ना? आता आणखी काय हवंय?" असे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे काय?

स्वीडनच्या उत्तरेला लुलेओ नावाचे शहर आहे. हिमयुगात त्या भागावर सुमारे ३ किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्याच्या भाराने जमीन खाली दबली आणि पृथ्वीच्या पोटातला, अतिशय सावकाश सरकणारा खडक बाजूला ढकलला गेला. बर्फ वितळून हजारो वर्षे लोटली. पण तो खडक अजून परत येतोच आहे, आणि जमीन आजही दरवर्षी सुमारे ९ मिलिमीटर वर उचलली जात आहे.

पूर्वी लोकांना वाटे, समुद्रच मागे हटतो आहे. ज्यांच्या नावाने आपण तापमान मोजतो, त्या सेल्सियस यांनी १७३१ साली स्वीडनच्या किनाऱ्याजवळील एका खडकावर पाण्याच्या पातळीची खूण केली. पाणी कमी होत आहे, असेच त्यांचेही मत होते. प्रत्यक्षात वर येत होती ती जमीन. आपलेही असेच होते. समोरचा माणूस आपल्यापासून दूर जातो आहे असे वाटते. खरे तर तो आपण लादलेल्या भाराखालून सावरत असतो.

सतराव्या शतकात जुन्या लुलेओचे बंदर उथळ झाले, बोटी येईनात. लोकांनी १६४९ साली शहरच समुद्राच्या दिशेने हलवले. पंधराव्या शतकातले दगडी चर्च मात्र जुन्या जागी आजही उभे आहे. जमीन थांबणार नव्हती. लोकांनी स्वतःची सोय बदलली.

याचा अर्थ दुखावलेल्याने मनात अढी धरून बसावे असा नाही. अढी म्हणजे थांबणे, आणि ती जमीन थांबलेली नाही. मात्र ज्याने ओझे ठेवले, त्याने सावरण्याची मुदत ठरवू नये. क्षमा मागून आपण फक्त ओझे उचलतो. ते पुन्हा न ठेवणे आणि धीराने वाट पाहणे, हे आपले काम अजून बाकी असते.

या आठवड्यात आपल्या घरात असे कोण सावरत आहे, याचा आपण विचार करू या.