पंचसूना आणि आपले घर



गृहस्थाश्रम हा सर्व आश्रमांचा आधार होय, असे आपले धर्मशास्त्र मानते. परंतु त्याच शास्त्राने गृहस्थाला एक कठोर जाणीवही दिली आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरी पाच ‘सूना’ सांगितल्या आहेत. सूना म्हणजे जीवहत्येचे स्थान. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही ती पाच स्थाने. मनात हिंसेचा लेशही नसताना चुलीत किडा जळतो, जात्यात जीव भरडला जातो, केरसुणीखाली मुंगी सापडते. संसार मांडला की एवढा दोष पदरी येणारच. म्हणून त्याच्या निष्कृतीसाठी पंचमहायज्ञ नेमून दिले. रोजच्या दोषाला रोजचे प्रायश्चित्त.

कोणी म्हणेल, जाते गेले, उखळ-मुसळ माळ्यावर चढले, चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली; मग सूना उरल्या कोठे? वडीलधाऱ्यांसमोर लहान तोंडी मोठा घास घेतो, क्षमा असावी. परंतु साधने बदलली, सूना संपल्या नाहीत. पूर्वी दोष उंबरठ्याच्या आत घडे आणि डोळ्यांना दिसे. आज तो दूर कोठेतरी घडतो, आणि दिसत नाही म्हणून आपण स्वतःस निर्दोष समजतो.

पाण्याचा घडाच घ्या. आपल्या इंदूरच्या नळाला येणारे पाणी बहुतांशी नर्मदेचे. १९७८ पासून ते जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर तोडून, पंपांच्या बळावर विंध्याचा चढ चढून येते. जिच्या परिक्रमेसाठी लोक अनवाणी निघतात, ती मैया स्वतः आपल्या मोरीत येते, आणि आपण दात घासताना तिला व्यर्थ वाहू देतो! सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी ४ लिटरांहून अधिक पाणी दवडतो. त्याचा वायसर बदलणे हेही नर्मदापूजनच होय.

केरसुणीचेही तसेच. देवगुराडियाच्या कारखान्यात फेब्रुवारी २०२२ पासून ओल्या कचऱ्याचा वायू होतो. सुरू झाला तेव्हा दिवसाला ५५० टन कचरा पचविण्याची त्याची क्षमता होती. आपण टाकलेल्या देठासालींवर शहराच्या बसगाड्या धावतात. परंतु त्या देठांत दुधाची रिकामी पिशवी मिसळली, तर ती निवडण्याचे काम दुसऱ्या कोणाच्या माथी येते. तीच पिशवी शिळ्या अन्नासह रस्त्यावर पडली, तर गाय ती गिळते आणि ती तिच्या पोटात साचून राहते. एका हाताने गोग्रास काढावा आणि दुसऱ्या हाताने हा घास भरवावा, हा कसला भूतयज्ञ?

देवघरही यातून सुटत नाही. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून ते वाहत्या पाण्यात सोडण्याची रीत पडली. हेतू पवित्रच होता. पण आज नदीचा प्रवाह क्षीण आहे. फुले पाण्यात कुजताना त्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात. हाराचा नायलॉनचा दोरा तर कुजतही नाही. तेव्हा दोरा व चमकीचा कागद वेगळा काढावा आणि फुले कुंडीत मातीआड करावी. काही महिन्यांत त्यांचे खत होईल. ते तुळशीला घालावे; निर्माल्य पायदळी येणार नाही, उलट तुळशीच्या पानांतून पुन्हा देवाच्या चरणी जाईल.

आणि चूल? डाळ आधी भिजत घालावी, भांड्यावर झाकण ठेवावे, उकळी आली की आच मंद करावी. इंधन वाचते, अन्नाची चवही राहते.

यांत कोणतेही व्रत अवघड नाही, खर्चाचे तर मुळीच नाही. अवघड आहे ती एकच गोष्ट: जे दिसत नाही त्याचाही दोष आपला मानणे. आपल्या पूर्वजांनी मुंगीचा हिशेब ठेवला. आपण निदान नदीचा आणि गायीचा ठेवावा, एवढी सुबुद्धी श्रींनी आपणां सर्वांस द्यावी, हीच प्रार्थना.

शुभं भवतु.