रस्त्याच्या कडेचा जमाव

दुसऱ्याचें दुःख आपल्याला पाहवत नाहीं, असें आपण सर्वच म्हणतों. आणि शेजारच्या घरांतून रडण्याचा आवाज आला, तर हातांतलें काम टाकून धांवतोंही. परंतु तेंच दुःख खेळाच्या नियमांत बसवून, त्याला आरंभ, शेवट आणि बक्षीस लावून कोणी आपल्यापुढें मांडलें, तर आपण धांवून जात नाहीं. पुढें काय होतें म्हणून टांचा उंचावून पाहत राहतों. मन तेंच, डोळे तेच. मग या दोन प्रसंगांत बदलतें तें काय? जीवघेण्या शर्यतींच्या ज्या कथा गेल्या कांहीं दशकांत जगभर वाचल्या आणि पाहिल्या गेल्या, त्यांच्या मुळाशीं आमच्या मतें हाच प्रश्न आहे. त्यांतील रक्तपात पाहून पुष्कळ सुज्ञ वाचक त्या बाजूला सारतात. त्यांचा तिटकारा आम्हांस समजतो; तथापि तिटकारा हें उत्तर नव्हे, आणि प्रश्न तर टळत नाहीं.

या कथांपैकीं सर्वांत साधी आणि म्हणूनच सर्वांत भयंकर अशी कथा म्हणजे अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग यांची ‘द लाँग वॉक’. ती त्यांनीं महाविद्यालयांत शिकत असतांना लिहावयास घेतली, आणि १९७९ सालीं रिचर्ड बॅकमन या टोपणनांवानें ती प्रसिद्ध झाली. तिच्यांत शंभर मुलगे अमेरिकेच्या मेन राज्याच्या सीमेवरून चालावयास निघतात. वेग ताशीं ४ मैलांच्या खालीं आला कीं ताकीद मिळते. तीन ताकिदी झाल्यावर पुन्हां पाऊल मंदावलें, तर बरोबर गाडींतून येणारे सैनिक गोळी घालतात. विश्रांति नाहीं, झोंप नाहीं. शेवटचा एक उरेपर्यंत चालावयाचें, आणि जो उरेल त्याला जन्मभर मागेल तें मिळावयाचें. कथानक म्हणून एवढेंच. राक्षस नाहीं, भूत नाहीं. डांबरी रस्ता, पायांचे फोड, आणि दोन्ही बाजूंना टाळ्या वाजविणारीं माणसें. प्रकरणांच्या आरंभीं लेखकानें दूरचित्रवाणीवरील बक्षिसांच्या खेळांच्या सूत्रधारांचीं वाक्यें दिलीं आहेत. आपला रोख कोणाकडे आहे, हें त्यानें लपविलेलें नाहीं.

हा सारा कल्पनेचा बाजार, असें म्हणून सुटतां येत नाहीं. १९२३ सालीं न्यूयॉर्क येथें ॲल्मा कमिंग्ज या नृत्यशिक्षिकेनें एकामागून एक सहा जोडीदार थकवून २७ तास अखंड नृत्य केलें, आणि त्यानंतर अमेरिकेंत अशा दीर्घ नृत्यस्पर्धांची सांथच आली. आरंभीं ती निव्वळ मौज होती. १९२९ नंतरच्या मंदींत तिचें रूप पालटलें. बेकार तरुण-तरुणी आठवडेच्या आठवडे पाय ओढीत राहूं लागल्या. कारण जोंवर उभें राहतां येत होतें, तोंवर जेवण मिळत होतें आणि डोक्यावर छप्पर होतें. एकानें दुसऱ्याच्या खांद्यावर मान टाकून झोंपावें आणि दुसऱ्यानें त्याला फरफटत न्यावें, याचेंच नांव नृत्य. तें पाहण्यासाठीं लोक तिकीट काढून येत. होरेस मॅकॉय यांनीं १९३५ सालीं ‘दे शूट हॉर्सेस, डोन्ट दे?’ ही लहानशी कादंबरी याच स्पर्धांवर लिहिली. पाय मोडलेल्या घोड्याला आपण दयेनें मारतों, आणि मन मोडलेल्या माणसाला मात्र पुढच्या फेरीसाठीं उभें करतों, हा त्या कादंबरीचा निष्ठुर विरोध. तिच्यांत बंदुका रोखलेले सैनिक नाहींत. गोळीचें काम भूक करते.

येथें पहिला आक्षेप येतो, आणि तो दुबळा नाहीं. कोणी म्हणेल, “या मुलांना कोणी बांधून आणलें नव्हतें. त्यांनीं स्वतः अर्ज केले. नांव मागें घेण्याची मुदतही त्यांना होती. सज्ञान माणूस आपल्या जिवाचा धनी आहे. मग अन्याय कोणावर झाला?” संमतीच्या या युक्तिवादावरच अशा प्रत्येक स्पर्धेची इमारत उभी असते. परंतु संमति खरी ठरावयास तीन गोष्टी लागतात: कशाला हो म्हणतों याचें ज्ञान, नाहीं म्हणण्यास जागा, आणि चूक उमगल्यावर परतण्याची वाट. किंगच्या मुलांना मरण हा शब्द ठाऊक होता. पहिली गोळी ऐकल्यावर त्यांना त्याचा अर्थ कळला, आणि तेव्हां परतण्याची वाट उरली नव्हती. नाचणाऱ्यांना परतण्याची वाट होती, पण ती रिकाम्या पोटाकडे जात होती.

ह्वांग डोंग-ह्युक यांच्या ‘स्क्विड गेम’ या दक्षिण कोरियाच्या मालिकेनें (२०२१) हा मुद्दा फार मार्मिकपणें मांडला आहे. ४५६ कर्जबाजारी माणसांपैकीं निम्म्याहून अधिक पहिल्याच खेळांत मारलीं जातात. उरलेलीं २०१ मतदान करतात, आणि केवळ एका मताच्या आधिक्यानें खेळ थांबून सर्व घरीं जातात. घरीं सावकार आहे, आजारी आई आहे, दार ठोठावणारे पोलीस आहेत. थोड्याच दिवसांत त्यांतील बहुतेक आपल्या पायांनीं परत येतात. येथें ज्ञान आहे, मत देण्याची मोकळीक आहे, सारें कांहीं आहे. नाहीं म्हणण्याची जागा तेवढी कोणीतरी आधींच काढून घेतली आहे. ‘त्यानेंच पत्करलें’ हें वाक्य म्हणून आम्हांस संशयास्पद वाटतें. तें बहुधा पत्करणाऱ्याच्या तोंडीं नसतें. पाहणाऱ्याच्या तोंडीं असतें.

दुसरा आक्षेप असा, कीं गिर्यारोहक आणि मल्लही जीव धोक्यांत घालतात. त्यांना आपण वीर म्हणतों. खरें आहे. परंतु गिर्यारोहकाला सोबत्याच्या मृत्यूनें शिखर जवळ येत नाहीं. आणि मल्ल प्रतिस्पर्ध्याला चीत करतो, पण त्याचा प्राण हें फडाचें बक्षीस नसतें. शिवाय पर्वतावरचा धोका पर्वताचा असतो; कोणी पाहिलें नाहीं तरी तो तेवढाच राहतो. या शर्यतींतील धोका प्रेक्षकांसाठीं निर्माण केलेला असतो; रस्त्याच्या कडेचा जमाव घरीं गेला, तर शर्यतीला प्रयोजनच उरणार नाहीं. जमाव हा अपराधाचा साक्षीदार नव्हे, त्याचें साधन आहे. बंदूक सैनिकाच्या हातीं असते. पण ती हजारों माणसांनीं मिळून उचललेली असते, आणि प्रत्येकाच्या वांट्याला तिचें वजन इतकें थोडें येतें कीं हाताला तें जाणवतही नाहीं.

आतां आमची स्वतःची गोष्ट सांगितलीच पाहिजे. ही कादंबरी आम्हीं प्रथम वाचली, त्या रात्रीं ती हातांतून सुटली नाहीं. मध्यरात्रीं केव्हांतरी आमच्या ध्यानांत आलें, कीं आपण मनांत हिशेब करीत आहों: याचा पाय मुरगळला आहे, तो खोकूं लागला आहे, आतां पाळी कोणाची? दया मनांत होती. पण उत्सुकता तिच्या पुढें एक पाऊल चालत होती. संत ऑगस्टीन यांनीं आपल्या आत्मचरित्रांत अलीपियस या मित्राची हकीकत सांगितली आहे. मित्रांनीं त्याला ओढून रोमच्या आखाड्यांत नेलें. डोळे मिटून बसण्याचा त्याचा निश्चय होता. एकाएकीं गर्दीची आरोळी उठली, डोळे उघडले, आणि त्याला ते पुन्हां मिटतां आले नाहींत. पुढें तो स्वतःच दुसऱ्यांना तेथें घेऊन जाऊं लागला. आम्ही तर डोळे उघडे ठेवूनच पुस्तक धरलें होतें.

मग अशीं पुस्तकें वाचूं नयेत काय? ‘स्क्विड गेम’चें पुढें काय झालें हें पाहिल्यास भीति वाटते. जी कथा अशा खेळांचा धिक्कार करण्यासाठीं रचली, तिच्याच धर्तीवर २०२३ सालीं ४५६ खऱ्या माणसांची स्पर्धा भरविण्यांत आली. बक्षीस ४५ लाख ६० हजार डॉलर. अर्थात् तेथें कोणी मेलें नाहीं. पण बोधकथेंतील बोध गळून केवळ खेळ उरूं शकतो, हें त्यावरून सिद्ध झालें. तरीही आमचें उत्तर बंदीचें नाहीं. आमच्या मतें कसोटी पुस्तकाची जितकी, तितकीच वाचकाची आहे. शेवटचें पान मिटल्यावर ‘कोण जिंकला’ एवढेंच आठवत असेल, तर आपण तिकीट काढून आलों होतों. जे पडले त्यांच्यापैकीं एखाद्याचें नांव, त्याचें शेवटचें बोलणें मनांत राहिलें, तर कांहीं तरी हातीं लागलें.

‘द लाँग वॉक’मध्यें एक लहानसा प्रसंग आहे. उन्हांत तहानलेल्या त्या मुलांना कलिंगडाच्या फोडी वांटण्यासाठीं एक माणूस रस्त्याच्या कडेला उभा असतो. प्रेक्षकांनीं मदत करणें नियमाविरुद्ध आहे. पोलीस त्याला अडवितात. तो झटापट करतो आणि कांहीं फोडी मुलांकडे फेकतो. शर्यत थांबत नाहीं. फोड खाल्लेल्यांचेंही मरण टळत नाहीं. परंतु त्या हजारोंच्या जमावांत तेवढा एक माणूस क्षणभर प्रेक्षक राहिला नाहीं. आपल्या आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्याच्यापाशीं सांपडतें. शेजारच्या घरांतील रडणें ऐकून आपण धांवतों, कारण तेथें आपल्याला कोणी प्रेक्षक ठरविलेलें नसतें. खेळ आधीं आपली जागा ठरवितो, आणि मग आपलें मन त्या जागेपुरतें लहान होतें. शर्यत बंद पाडण्याचें सामर्थ्य प्रत्येकाच्या अंगीं नसेल. नेमून दिलेली जागा सोडून एक पाऊल पुढें टाकणें मात्र कोणालाही अशक्य नाहीं.