कूर्मदृष्टी : एक शंका व तिचे समाधान

कासवी पिलांना पाजीत नाही, कुशीत घेत नाही. नुसत्या नजरेने पोसते, हा दृष्टांत कीर्तनात आपण नित्य ऐकतो. चाणक्यनीतीत तेच काम ती ध्यानाने करते, असे म्हटले आहे. पण शिरूर-दौंडकडची शिकलेली माळकरी मुले आता आम्हांस विचारतात, "महाराज, समुद्रातली कासवी वाळूत शंभरएक अंडी घालते, खड्डा बुजवते अन् निघून जाते. परत बघायलासुद्धा येत नाही. मग दृष्टांत खोटा की हो!"

शंका रास्त आहे. दृष्टांत एकदेशी असतो, एवढे सांगून सुटका करून घेता येईल. पण आम्हांस पुढचे विचारावेसे वाटते : आई पाहत नाही, तर पाहायचे कोणी?

याचे उत्तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात, वेळास गावाने दिले आहे. तिथे पूर्वी ही अंडी उकरून नेली जात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम आरंभिले. गावकरी व वनखाते सोबत आले. पहाटे किनारा धुंडायचा, अंडी अलगद उचलायची, कुंपणात तसाच खड्डा करून ठेवायची. दीड-दोन महिन्यांनी पिले निघतात. त्यांना उचलून पाण्यात टाकीत नाहीत; वाळूवर सोडतात, कुत्र्या-कावळ्यांपासून राखतात. चालायचे ते पिलानेच. सद्गुरू तरी याहून निराळे काय करतात?

कोणी म्हणेल, ते पाहायला पाहुणे येतात, गावाला चार पैसे मिळतात. मग ही दया कसली? आम्ही म्हणतो, अंडी विकणाऱ्याला अंडी राखून पोट भरता आले, तरच दया टिकते. उपाशी माणसाला कोरडा उपदेश करण्यात कसला आला धर्म!

आता आपले पाहू. शिरूरची घोड भीमेला मिळते. दौंडची भीमा पंढरीस चंद्रभागा म्हणवते, पुढे कृष्णेत मिसळून पूर्वसमुद्रास जाते. कृष्णेच्या मुखाशी कांदळवने आहेत, कासवांचे किनारे आहेत. आपण इथे पाण्यात सोडलेली घाण आधी पंढरीची वाट धरते, मग तिकडची.

मागे वळून पाहणे कासवीला नेमून दिलेले नाही. माणसाला दिले आहे. संतांचा दृष्टांत खरा करून दाखविणे आता आपल्याकडे आहे.