विसर आणि सराव

आभासी वास्तवाच्या खेळांनी दीर्घकालीन वेदना कमी होते, असे सांगणारे लेखन गेल्या काही वर्षांत विपुल झाले असून त्यातील बहुतेकांचा सूर एकच आहे: डोळ्यांवर हेडसेट चढवला की रुग्ण दुसऱ्या जगात जातो, त्याचे मन तिकडे गुंतते आणि वेदनेचा विसर पडतो. हे स्पष्टीकरण समर्थकांना जितके पटते तितकेच टीकाकारांनाही पटते. समर्थक त्याच्या आधारे गोळ्यांना पर्याय सापडल्याची ग्वाही देतात, तर टीकाकार विचारतात की मनच रमवायचे असेल तर घरचा टीव्ही काय वाईट आहे. या वादात एक गृहीतक मात्र कोणीच तपासत नाही, ते म्हणजे असा खेळ जे काही साधतो ते लक्ष हटवूनच साधतो. मज्जातंतूजन्य वेदनेपुरते तरी हे गृहीतक टिकत नाही, आणि ते न टिकल्यामुळे कोणता खेळ कोणत्या रुग्णाला द्यावा आणि त्याची परीक्षा कशी घ्यावी, हे प्रश्नही आज भलत्याच दिशेने विचारले जात आहेत.

मज्जातंतूजन्य वेदना म्हणजे संवेदना वाहून नेणाऱ्या यंत्रणेलाच, म्हणजे मज्जातंतू, मज्जारज्जू किंवा मेंदू यांना, इजा वा आजार झाल्यामुळे उद्भवणारी वेदना. बोट भाजल्यावर होणारी वेदना ऊतींना झालेल्या इजेची खबर देते आणि जखम भरली की सहसा ओसरते. येथे खबर देणारी यंत्रणाच बिघडलेली असल्याने जखम भरून वर्षे लोटली तरी रुग्ण आग होते, सुया टोचतात, करंट बसतो असे सांगत राहतो, आणि काहींना तर अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसत नाही. अशी वेदना तीन महिन्यांहून अधिक टिकली की ती दीर्घकालीन समजली जाते. तिच्यावर दिली जाणारी प्रीगॅबालिन, गॅबापेन्टिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधे निरुपयोगी नाहीत. पण 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आढाव्यानुसार प्रीगॅबालिन सात-आठ जणांना द्यावे तेव्हा नकली गोळीच्या तुलनेत त्यांपैकी एका जास्तीच्या रुग्णाची वेदना निम्म्याने उतरते. उरलेल्या रुग्णांसाठी दुसरे मार्ग शोधण्याला फॅशन म्हणता येणार नाही.

लक्ष हटवण्याच्या सिद्धान्ताचा उगम मात्र या वेदनेत नाही. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ नावाचे हिमाच्छादित जग तयार करून घेतले, त्यात रुग्ण बर्फाळ दरीतून तरंगत जाताना पेंग्विनांवर आणि हिममानवांवर बर्फाचे गोळे फेकतो, आणि त्याच वेळात परिचारिका त्याच्या जखमेची पट्टी बदलते. भाजलेल्या रुग्णांवर आभासी वास्तव वापरण्याचे या गटाचे पहिले निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले. पट्टी बदलण्याची यातना मॉर्फिननेही पुरती आवरत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कामाचे मोल सांगावे लागत नाही. मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 साली मांडलेल्या द्वार-सिद्धान्तापासून, म्हणजे मज्जारज्जूत वेदनेचे संदेश अडवणारे वा सोडणारे एक द्वार असते आणि त्यावर मेंदूचाही ताबा चालतो या कल्पनेपासून, लक्षाचा वेदनेवर परिणाम होतो हे शास्त्राला मान्यच आहे. आक्षेप आहे तो या यशाची व्याप्ती परस्पर वाढवण्याला.

पट्टी बदलण्याला आरंभ असतो आणि शेवट असतो. तेवढी मिनिटे मन दुसरीकडे नेता आले की काम झाले. मज्जातंतूजन्य वेदनेला असा शेवट नसतो, आणि तिच्याबरोबर वर्षानुवर्षे जगणारा रुग्ण मन दुसरीकडे नेण्याच्या कलेत कोणत्याही उपकरणापेक्षा तरबेज झालेला असतो. दिवसभर तो कामात, माणसांत, बातम्यांत स्वतःला गुंतवून ठेवतो, आणि रात्री दिवा मालवल्यावर गुंतण्यासारखे काही उरले नाही की वेदना पूर्ण जोराने परतते. हेडसेट उतरवल्यावर हेच घडणार असेल तर त्या उपायाने रुग्णाच्या हाती आधीपासून असलेल्या साधनांत एका महागड्या साधनाची भर पडली, यापलीकडे काही म्हणता येत नाही. टीकाकारांचा टीव्हीचा दाखला येथपर्यंत रास्त आहे.

या सिद्धान्ताचे समर्थक अशा वेळी मेंदूच्या प्रतिमांकडे बोट दाखवतात. हॉफमन यांच्याच गटाने 2004 साली दाखवले होते की खेळ चालू असताना मेंदूतील वेदनेशी निगडित पाच भागांची सक्रियता उतरते. निष्कर्ष खरा आहे. परंतु तो निरोगी स्वयंसेवकांच्या पायाला नियंत्रित उष्णता देऊन काढलेला होता. ज्यांची संवेदनायंत्रणा शाबूत आहे त्यांना बाहेरून दिलेली उष्णता आणि ज्यांची यंत्रणाच आतून खोटे संदेश निर्माण करते त्यांची वेदना यांना एकाच मापाने मोजणे म्हणजे सिद्ध करायची गोष्ट आधीच गृहीत धरणे होय. शिवाय त्या प्रतिमा खेळ चालू असतानाच्या आहेत. दीर्घकालीन रुग्णाचा प्रश्न खेळ संपल्यानंतरचा आहे.

लक्ष हटवण्याच्या सिद्धान्ताला सर्वांत मोठी अडचण आहे ती स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील कामाची. अपघाताने वा शस्त्रक्रियेने हात गेल्यावरही त्या नसलेल्या हातात अनेकांना दारुण मज्जातंतूजन्य वेदना होते, हे अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांवर उपचार करणाऱ्या वेअर मिचेल यांच्यापासून सर्वज्ञात आहे. चाल्मर्स विद्यापीठातील माक्स ओर्तिझ-कातालान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चौदा रुग्णांवरील निष्कर्ष 2016 साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले, आणि या सर्वांवर आधीचे उपाय निष्फळ ठरलेले होते. उपचाराची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. खुंटावर इलेक्ट्रोड चिकटवतात. रुग्णाला नसलेली मूठ उघडायला, मिटायला, नसलेले मनगट फिरवायला सांगतात. त्या प्रयत्नात उरलेल्या स्नायूंत उमटणारे क्षीण विद्युत-संकेत संगणक ओळखायला शिकतो. आणि समोरच्या पडद्यावर रुग्णाला स्वतःची छबी दिसते, जिच्या खुंटाला जोडलेला आभासी हात त्याच्या आज्ञेनुसार हलतो. पुढे याच संकेतांवर तो शर्यतीची गाडी चालवतो. अशा बारा सत्रांनंतर वेदना, वापरलेल्या मोजपट्टीनुसार, सुमारे एकतृतीयांश ते निम्म्याने उतरली, झोपेतील तिचा व्यत्यय कमी झाला आणि सहा महिन्यांनंतरही सुधारणा टिकून राहिली.

या वर्णनात हेडसेट नाही. पडदा साधा, कॅमेरा साधा, भोवतालची खोली पूर्ण दिसत असलेली. लक्ष हटवण्याच्या सिद्धान्ताप्रमाणे बाहेरचे जग जितके झाकले जाईल तितका आराम अधिक मिळायला हवा, आणि भाजलेल्या रुग्णांच्या व स्वयंसेवकांच्या बाबतीत तसे दिसलेही आहे. येथे मात्र बाहेरचे जग उघडे आहे, रुग्णाचे सारे चित्त नेमके दुखणाऱ्या, नसलेल्या हातावर एकवटलेले आहे, आणि लाभ झोपेत, म्हणजे लक्ष नावाची गोष्टच विरलेली असताना, पोहोचतो. विसर पाडणारा खेळ रुग्णाला वेदनेच्या जागेपासून दूर नेतो; सराव घडवणारा खेळ त्याला त्याच जागी परत आणतो आणि तेथे हालचालीचे काम करायला लावतो. दोन्ही खेळ दिसायला सारखे असले, तरी त्यांचा रोख परस्परविरुद्ध आहे.

या अभ्यासात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, हा आक्षेप योग्यच होता. पुढे अनेक केंद्रांत झालेल्या चाचणीत एका गटाने नसलेल्या हाताची हालचाल प्रत्यक्ष केली आणि दुसऱ्याने आभासी हाताकडे पाहत तिची केवळ कल्पना केली. वेदना दोन्ही गटांत उतरली आणि दोहोंत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. मग काहीही केले तरी चालते, असा अर्थ यातून घाईने काढला गेला. तो निघत नाही, कारण हालचालीची कल्पना करणे म्हणजे हातावरून लक्ष काढणे नव्हे. दोन्ही गट सरावाच्याच बाजूचे होते. स्नायूंना प्रत्यक्ष कामाला लावणे अपरिहार्य आहे, ही मूळ धारणा या चाचणीने सैल केली, हे कबूल केले पाहिजे. निव्वळ अपेक्षेचा वाटा किती, हेही तिने ठरवले नाही.

मेंदूत नेमके काय बदलते याविषयी हेर्टा फ्लोर यांनी 1995 साली दाखवलेली नकाशाची फेररचना, म्हणजे गेलेल्या हाताच्या मेंदूतील जागेवर शेजारच्या भागांचे आक्रमण, आणि तामार मॅकिन यांनी 2013 साली दाखवलेली त्याच जागेची चिकाटी, म्हणजे ती जागा गेलेल्या हाताचीच राहणे, यांतला वाद मिटलेला नाही. पण दोन्ही पक्ष वेदनेचा संबंध त्या अवयवाच्या मेंदूतील प्रतिरूपाशीच जोडतात. हे सगळे नकली गोळीसारखेच आहे, ही टीका सहा महिन्यांच्या टिकाऊपणापुढे अपुरी वाटते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2021 साली जुनाट कंबरदुखीसाठी मान्य केलेला आभासी वास्तवाचा कार्यक्रम मुख्यतः श्वसन, शिथिलीकरण आणि वेदनेविषयीचे शिक्षण यांवर उभा असून येथे त्याचा दाखला गैरलागू आहे.

विसर आणि सराव हा भेद एकदा मान्य केला की मर्यादाही स्पष्ट होतात. दुचाकीच्या अपघातात खांद्याजवळच्या मज्जातंतूंची मुळे मज्जारज्जूपासून उपटली गेलेला तरुण, जो भारतातील अस्थिव्यंग विभागांना अनोळखी नाही, हा अशा सरावाचा स्वाभाविक अधिकारी ठरतो, कारण त्याच्याही बाबतीत आज्ञा निघते आणि हात उत्तर देत नाही. मधुमेहाने तळपायांची आग होणाऱ्या रुग्णाचे तसे नाही. त्याचा पाय हलतो, दिसतो, आज्ञा मानतो, आणि बिघाड टोकाच्या सूक्ष्म तंतूंत आहे. भारतात मधुमेही दहा कोटींच्या घरात असल्याने बाजाराचे डोळे याच रुग्णांकडे लागतील, आणि त्यांना बर्फाचे गोळे फेकायला देऊन ‘मज्जातंतूंचा उपचार’ म्हणून विकले जाईल.

म्हणून यापुढील चाचणीत तुलना गटाला रिकामा पडदा देऊन भागणार नाही. त्याला तितकाच रंजक, तितक्याच चुरशीचा आणि तितकाच आशा लावणारा खेळ द्यावा, फक्त तो सुदृढ हाताने खेळायचा असावा. आणि वेदनेची मुख्य नोंद सत्र संपताच न घेता सहा महिन्यांनी, रात्रीच्या झोपेसह घ्यावी. तेव्हा दोन्ही गट सारखेच सुधारले, तर विसर आणि सराव हा भेद सोडून द्यावा लागेल.