डॉक्टरांनी आजारी पडावे का?



गडचिरोलीचे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ही नावे आपल्या परिचयाची आहेत. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला आणि दोन खेड्यांतील बायकांचे झाकलेले दुखणे जगाला कळले. तपासलेल्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. १९९९ च्या निबंधाने दाखवले की, गावातल्याच प्रशिक्षित बाईने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली तर बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी होतात.

या संशोधकाचे आणखी एक लिखाण आहे. १९९५ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, डॉ. अभय बंग यांना हृदयविकाराचा झटका आला. मग त्यांनी स्वतःलाच तपासायला घेतले. धावपळ, मनावरचा ताण, मृत्यूची भीती, सारे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात मोकळेपणाने मांडले. घराघरांत ते वाचले गेले. डॉक्टरही आपल्यासारखाच घाबरतो, हे वाचून कोणाचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला नाही.

पण समजा, ते दुखणे हृदयाचे नसून मनाचे असते तर? आपल्या सटाण्यातल्या एखाद्या डॉक्टरने सांगितले, की मला नैराश्य आहे, गोळ्या चालू आहेत; तर आपण त्याच्याकडे मुलाला घेऊन जाऊ का? मधुमेह असलेला डॉक्टर मधुमेहाच्या रोग्याला तपासतो, त्याचे आपल्याला काही वाटत नाही. मनाच्या बाबतीत मात्र आपला तराजू बदलतो. डॉक्टरला ते ठाऊक असते, म्हणून तो बोलत नाही.

हे थोड्यांचे दुखणे नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ साली देशभरातील वैद्यकीय विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. एमबीबीएसच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१.२ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचा विचार येऊन गेला होता. सरकारी रुग्णालयात रात्री-अपरात्री आपल्यासमोर येतात ती हीच मुले.

त्यांच्या ताणात आपलाही हात असतो. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात रुग्णाच्या नातेवाइकांनी एका तरुण डॉक्टरला इतके मारले, की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. अशी मारहाण रोखण्यासाठी राज्यात २०१० पासून कायदा होता. डॉक्टर चुकतात, काही जण लुबाडतातही. त्यासाठी ग्राहक न्यायालय आहे, वैद्यकीय परिषद आहे. ‘पेशंटला नाशिकला न्या’ असे सांगणारा डॉक्टर मात्र बहुधा टाळाटाळ करत नसतो. आपल्या हातातले साधन कुठे संपते, तेवढेच तो प्रामाणिकपणे सांगत असतो.

डॉक्टरांची जिनिव्हाची शपथ १९४८ सालची. रुग्ण, गुरुजन, मानवता, सर्वांसाठीची वचने तिच्यात होती. स्वतःच्या आरोग्याकडेही लक्ष देईन, हे वचन जागतिक वैद्यकीय संघटनेने ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रथमच घातले आणि कारणही दिले: उत्तम सेवा देता यावी म्हणून. म्हणजे मनावर उपचार घेणारा डॉक्टर शपथ मोडत नाही, पाळतो. आमच्या मते आपल्या मुलासाठी तोच अधिक सुरक्षित आहे. उपचार लपवावा लागल्याने झोपेविना, एकटाच कुढत दवाखाना उघडणाऱ्या डॉक्टरची चिंता आपण करायला हवी.